मराठवाड्यातल्या तारखांचा अभ्यास करा : उच्च न्यायालय आणि न्यायिक अकादमीस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती व सर्व न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय
मा. संचालक, महाराष्ट्र न्यायिक अकादमी, उत्तन

सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली करते. वाटणीचे दावे, मनाई हुकूम, बांधाचे आणि शेतरस्त्याचे वाद, भूसंपादनाचे संदर्भ (वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे आलेली प्रकरणे), दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) हे माझे रोजचे काम. हे पत्र कोणा न्यायाधीशाविरुद्धची तक्रार नाही. आमच्याकडे येणारे न्यायाधीश बहुतेक तरुण असतात, कष्टाळू असतात आणि रोज शंभराच्या आगेमागे प्रकरणांचे बोर्ड घेऊन बसतात. एवढे बोर्ड चालवायला त्यांच्या हातात आपण काय देता, याबद्दल मला बोलायचे आहे. प्रकरण दाखल झाल्यापासून निकालापर्यंत कसे न्यावे, याचे मार्गदर्शन त्यांना इथल्याच न्यायालयांच्या अभ्यासातून मिळावे आणि तो अभ्यास रोजनाम्यापासून सुरू व्हावा, ही माझी मागणी आहे.

ज्यांचा कोर्टाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक दाव्याच्या फाइलमध्ये रोजनामा असतो. त्या त्या तारखेला कोण हजर होते, काय झाले, पुढची तारीख कशासाठी दिली, हे त्यात दोन-तीन ओळींत लिहिलेले असते. भावांविरुद्ध वडिलार्जित जमिनीत हिस्सा मागणाऱ्या बहिणीच्या दाव्याचा रोजनामा चाळला तर असे वाचायला मिळते : प्रतिवादी क्रमांक २ ला समन्सची बजावणी नाही, पत्ता अपुरा. कैफियतीसाठी (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी) मुदतीचा अर्ज, मंजूर. निशाणी ५ वर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) 'से', म्हणजे लेखी म्हणणे, देण्यासाठी मुदत. प्रतिवादी क्रमांक ३ मयत, वारस लावण्यासाठी तहकूब. मे. न्यायाधीश रजेवर. वकिलांचा कामकाजात सहभाग नाही. वादीतर्फे साक्षीदार हजर, वेळेअभावी तहकूब.

या शेवटच्या नोंदीपाशी जरा थांबा. साक्षीदार आला, दिवसभर व्हरांड्यात बसला आणि परत गेला. संगणकावर या दिवसाचे काय उरते? 'टप्पा : पुरावा. पुढील तारीख अमुक.' राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर, म्हणजे देशभरच्या न्यायालयांतल्या प्रकरणांच्या ऑनलाइन नोंदीत, हा दावा दहा वर्षांहून जुन्या प्रकरणांच्या रकान्यात एक आकडा होऊन बसतो. देशातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांत ४ कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत, त्यात महाराष्ट्राची ५० लाखांहून अधिक आहेत, हे आता कुणालाही मोबाइलवर पाहता येते. ती सोय मोठी आहे आणि मी ती रोज वापरते. विलंबाच्या कारणांचा रकानाही तिथे आहे. पण 'वकील उपलब्ध नाही', 'साक्षीदार', 'स्थगिती' अशा मोजक्या शब्दांत ती कारणे कोंबलेली आहेत. साक्षीदार आलाच नाही आणि साक्षीदार येऊन परत गेला, यातला फरक त्या रकान्यात मावत नाही. तो फक्त रोजनाम्यात आहे, आणि निकालानंतर रोजनामा रेकॉर्ड रूममध्ये जातो तो पुन्हा कुणी उघडत नाही.

हे वाचायचे काम दुसऱ्या देशांनी फार आधी हाती घेतले. अमेरिकेत १९६७ साली तिथल्या संसदेने फेडरल ज्युडिशियल सेंटर स्थापन केले. त्याची रचना मला महत्त्वाची वाटते. न्यायालयांवर संशोधन करणारे आणि न्यायाधीशांना शिकवणारे लोक एकाच छताखाली आहेत. मोजणी करणाऱ्यांना जे सापडते, ते शिकवणाऱ्यांच्या हाती पडते आणि त्यातून न्यायाधीशांसाठी हस्तपुस्तिका तयार होतात : पहिल्या बैठकीत पक्षकारांना काय विचारावे, वेळापत्रक कसे आखावे, गुंतागुंतीचे मोठे प्रकरण कसे पेलावे.

तिथल्याच राज्य न्यायालयांच्या अभ्यासातून १९७८ साली एक निष्कर्ष पुढे आला. थॉमस चर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ शहरांतली न्यायालये तपासली. एका न्यायाधीशामागे किती प्रकरणे आहेत, यावरून तिथली गती ठरते असे त्यांना दिसले नाही. त्या गावच्या न्यायाधीशांच्या आणि वकिलांच्या सवयी, एकमेकांकडून त्यांच्या अपेक्षा, 'आमच्याकडे असेच चालते' हे जे काही असते, त्यावर गती ठरत होती. पुढे १९९० साली तिथे दिवाणी न्यायसुधारणेचा कायदा झाला. त्याखालचे प्रयोग रँड या संस्थेने वीस जिल्हा न्यायालयांत तपासले आणि १९९६ साली निष्कर्ष मांडले. न्यायाधीशाने सुरुवातीलाच लक्ष घातले आणि सुनावणीची तारीख लवकर पक्की केली तर प्रकरण लवकर संपते, हे त्यांना दिसले. पण नुसते लवकर लक्ष घातले तर वकिलांचे कामाचे तास वाढतात, म्हणजे पक्षकाराचा खर्च वाढतो, हेही त्यांनी लपवले नाही. कागदपत्रे व माहिती मिळवण्याचा काळ कमी केला तर तो खर्च आटोक्यात राहतो, असेही त्याच अभ्यासात निघाले. मला अशा संशोधनाची ओढ आहे. मोजल्यावर जे गैरसोयीचे निघते तेही त्यात सांगितलेले असते, आणि मार्गदर्शन त्यानुसार बदलते.

आपल्याकडे काही झालेच नाही, असे मी म्हणणार नाही. १ जुलै २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेत बदल झाले. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असे संहितेच्या आदेश १७ मध्ये (संहितेतल्या नियमांच्या गटाला 'आदेश' म्हणतात) आले, कैफियतीला ३० आणि फार तर ९० दिवस ठरले. २००५ साली सेलम वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे न्यायमूर्ती जगन्नाथ राव समितीचे नमुना नियम आले. दाव्यांचे स्वरूपानुसार वेगवेगळे मार्ग करावेत आणि प्रत्येक मार्गाला कालमर्यादा असावी, असे त्यात होते. २०११ साली रामेश्वरी देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दावा दाखल होतानाच सगळ्या टप्प्यांच्या तारखांचे वेळापत्रक करा आणि ते पाळा. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालये कायद्याने तर आदेश १५-अ च आणला : प्रकरण व्यवस्थापनाची स्वतंत्र बैठक, तिच्यात मुद्दे, साक्षीदार, तारखा सगळे ठरवायचे, आणि केवळ वकील आले नाहीत म्हणून ती बैठक तहकूब करायची नाही. मात्र हा आदेश व्यावसायिक वादांपुरता आहे. कंपन्यांच्या वादाला ठरलेले वेळापत्रक मिळते. माझ्या अशिलाच्या तीन एकरांना ते मिळत नाही, आणि त्याचे पटेल असे कारण आजवर मला कुणी सांगितलेले नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७-१८ मध्ये काही पथदर्शी न्यायालये जुन्या थकबाकीशिवाय चालवली आणि कोणत्या टप्प्याला किती मिनिटे लागतात, याच्या नोंदी ठेवल्या. साक्षीदार न येणे हे विलंबाचे मोठे कारण म्हणून त्यातून पुढे आले. प्रयोग चांगला होता. पण साक्षीदार दिल्लीत का येत नाही आणि धारूरमध्ये का येत नाही, ही दोन वेगळी उत्तरे आहेत. दिल्लीचे उत्तर आम्हाला लागू पडत नाही.

आमचे उत्तर असे आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या भागांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता धरून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसे सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतात. गावात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे उरतात. आणि कोर्टाचे सगळ्यात सलग कामकाज याच महिन्यांत होते. पुराव्याच्या तारखा जानेवारी-फेब्रुवारीत पडतात. साक्षीदार गैरहजर राहतो. मग वादीचा पुरावा बंद होतो, नाहीतर तो उघडावा म्हणून अर्ज येतो, त्यावर 'से', त्यावर युक्तिवाद, त्यावर आदेश.

मग ही माणसे परत कधी येतात? एप्रिलअखेर, मे महिन्यात. तेव्हा दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. कोर्ट जूनमध्ये उघडते, तेव्हा मृगाचा पाऊस पडलेला असतो आणि पेरणीची घाई असते. पेरणी आटोपल्यावर जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने माणूस गावात असतो आणि कोर्टही चालू असते. आमच्या तालुक्यात पुराव्याचा हंगाम हाच. कोणत्याही राष्ट्रीय हस्तपुस्तिकेत हे सापडणार नाही, आणि नागपूर-पुण्याकडून पहिल्यांदाच इकडे आलेल्या न्यायाधीशाला हे कळेपर्यंत त्याचे एक वर्ष निघून जाते.

एक प्रसंग सांगते. वाटणीच्या दाव्यात एका महिलेची साक्ष होती. चुलत सासऱ्यांच्या काळात जमीन कोण कसत होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले. ती सांगली जिल्ह्यातल्या फडातून रात्रीच्या गाडीने लहान मूल कडेवर घेऊन आली. सरतपासाचे (आपल्या बाजूने द्यायच्या साक्षीचे) शपथपत्र आधीच दाखल होते, फक्त उलटतपास बाकी होता. समोरच्या बाजूने अर्ज आला, की ज्येष्ठ वकील जिल्ह्याच्या कोर्टात आहेत, मुदत मिळावी. तीनशे रुपये खर्चावर अर्ज मंजूर झाला. ती परत गेली. येण्या-जाण्यात जे दिवस मोडले त्याचा खाडा मुकादमाने उचलीत धरला, तोही एका माणसाचा नव्हे, अख्ख्या कोयत्याचा, कारण जोडीतले एक माणूस नसले की दुसऱ्याचेही काम थांबते. पुढच्या तारखेला ती आली नाही. रोजनाम्यात नोंद झाली : 'वादीचा साक्षीदार गैरहजर.'

आदेश देणाऱ्या न्यायाधीशाला त्या बाईचे काय झाले हे माहीत असण्याचे कारण नव्हते. अर्ज नेहमीचा होता, आदेशही नेहमीचा होता. पण कायद्यात उपाय तेव्हाही होता. साक्षीदार न्यायालयात हजर असताना वकील तयार नसेल, तर न्यायालयाला तिथेच साक्ष नोंदवून पुढे जाता येते, हे आदेश १७ मध्येच आहे. त्याहून उपयोगी आदेश १८ चा नियम १६ आहे. साक्षीदार न्यायालयाच्या हद्दीबाहेर जाणार असेल, तर दावा दाखल झाल्यानंतर केव्हाही त्याची साक्ष तातडीने नोंदवता येते. पक्षकार किंवा खुद्द साक्षीदारही त्यासाठी अर्ज करू शकतो. ऊसतोड कामगारांसाठी याहून नेमका नियम कुणी मुद्दाम लिहिला नसता. तरी आमच्या कोर्टात तो क्वचितच वापरलेला मी पाहिला आहे. दसऱ्याच्या आधी सगळ्या वकिलांना विचारा, तुमच्या कोणत्या दाव्यातले साक्षीदार तोडीला जाणार आहेत, आणि त्यांच्या साक्षी सप्टेंबरमध्ये उरका, असे एक पान आपण न्यायाधीशांच्या हाती दिले तरी पुष्कळ फरक पडेल. ज्यांची साक्ष राहून गेली, त्यांची कारखान्याजवळच्या तालुका न्यायालयातून व्हिडिओ कॉन्फरन्सने घेता येते. तशी साक्ष दर वेळी खास परवानगीची गोष्ट न ठरता नेहमीची व्हावी, यासाठी दोन जिल्ह्यांच्या प्रधान न्यायाधीशांनी हंगामाच्या आधीच बोलून ठेवावे लागेल.

जमिनीच्या वाटणीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण आमच्या बोर्डावरचा मोठा भाग तोच आहे. दावा जिंकल्यावर पक्षकाराला वाटते, संपले. प्रत्यक्षात प्राथमिक हुकूमनामा मिळालेला असतो, म्हणजे कुणाचा किती हिस्सा एवढेच ठरलेले असते. शेतसारा आकारलेल्या जमिनीची वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कोर्टातून प्रिसेप्ट, म्हणजे वाटणी करून देण्याचा लेखी आदेश, जाते, जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला, तहसीलमधून भूमी अभिलेखाला. मोजणीची तारीख पडते, एक भाऊ हरकत घेतो, तक्ता पुन्हा होतो. हे सगळे चालू असताना कोर्टाच्या दृष्टीने दावा निकाली निघालेला असतो, म्हणजे तो प्रलंबितांच्या आकड्यातही नसतो. बाई मात्र तहसीलच्या कोणत्या टेबलावर कागद आहे ते विचारत फिरत असते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर अंतिम हुकूमनाम्यासाठी स्वतंत्र अर्जाची वाट न बघता न्यायालयाने आपणहून पुढे जावे. शेतजमिनीच्या बाबतीत हे कसे अमलात आणायचे, हे तालुका पातळीच्या न्यायाधीशाला कुणी तरी बसून सांगायला हवे. माझ्या मते प्रिसेप्ट पाठवल्यावर फाइल बंद करू नये. अहवालासाठी ठरावीक अंतराने तारीख ठेवावी, अहवाल आला नाही तर कारण मागवावे, आणि प्रिसेप्टसोबत कोणकोणते उतारे, नकाशे, हिश्श्यांचा कोणता तक्ता जायला हवा, याचा एकच नमुना उच्च न्यायालय आणि महसूल विभाग यांनी मिळून ठरवावा. कागद अपुरे म्हणून परत आलेल्या प्रिसेप्टांचा कुणी अभ्यास केला, तर बराचसा विलंब तिथेच सापडेल असे मला वाटते.

दरखास्तींची कथा याहून वाईट आहे. २०२१ साली राहुल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीला सहा महिन्यांची मुदत घातली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले, तेव्हा देशात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती प्रलंबित निघाल्या आणि त्यांतल्या सुमारे ३ लाख ४१ हजार मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत, देशात सर्वांत जास्त. हा आकडा का एवढा, याचे उत्तर शोधणे आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचे काम नाही.

भूसंपादनाबद्दल थोडक्यात. १९६५ साली पायाभरणी झालेल्या जायकवाडीपासून गावोगावच्या पाझर तलावांपर्यंत आमच्या भागात संपादन सतत झाले, आणि १८९४ च्या कायद्याखालचे वाढीव मावेजाचे संदर्भ वरिष्ठ स्तर न्यायालयांत वर्षानुवर्षे राहिले. एकाच निवाड्यातली, एकाच शिवारातली, एकाच प्रतीची जमीन. त्याच खरेदीखतांचा पुरावा प्रत्येक फाइलमध्ये स्वतंत्रपणे नोंदवला जातो. निवाड्यानुसार गट पाडून एकत्र पुरावा घ्यायचा, हे काही न्यायाधीश स्वतःहून करतात आणि त्यांच्या काळात संदर्भ भराभर निघतात. ते बदलून गेले की पुन्हा जुनी रीत सुरू होते. अशी चांगली रीत लिहून ठेवणे आणि पुढच्या माणसापर्यंत पोचवणे, हेच मार्गदर्शन पुस्तिकेचे काम असते.

मराठवाड्याची आणखी एक गोष्ट. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. महसुलाची जुनी दप्तरे उर्दूत आहेत, काही मोडीत. १९५४-५५ ची खासरा पाहणी, इनामाचे कागद, हैदराबाद कूळ कायद्याखालच्या नोंदी, यांच्याशिवाय मालकीचे दावे उभे राहत नाहीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली तेव्हा जुने उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या माणसांचे मोल साऱ्या राज्याला कळले. कोर्टात आम्हाला ते पूर्वीपासून ठाऊक आहे. दस्त पुराव्याच्या वेळी समोर येतो, मग तरजुमा (भाषांतर) हवा म्हणून तारीख, तरजुमा करणारे गृहस्थ आजारी म्हणून तारीख, समोरच्याला तरजुमा मान्य नाही म्हणून तारीख. हे सगळे दाव्यातले वादमुद्दे ठरवण्याच्या टप्प्यालाच निकाली निघू शकते. उर्दू आणि मोडीचे दस्त कोणते, याची यादी त्या दिवशी घ्यावी आणि जिल्हा न्यायालयाने तयार ठेवलेल्या यादीतल्या भाषांतरकाराकडे ते तेव्हाच सोपवावेत. 'मराठवाड्यातले दावे' असे प्रकरण पुस्तिकेत असेल, तर त्यात हे पहिल्या पानावर यावे.

बोर्डाबद्दलही बोलायला हवे. शंभर प्रकरणे बोर्डावर असली, की दुपारपर्यंतचा वेळ पुकारा आणि तारखा देण्यातच जातो. पक्षकार सकाळी साडेदहाला एसटीतून उतरतो आणि त्याचा पुकारा कधी होईल हे त्याला, त्याच्या वकिलाला आणि न्यायाधीशालाही ठाऊक नसते. बजावणी, वारस, कैफियत अशा पायऱ्यांची प्रकरणे सकाळी एका ठरलेल्या तासात संपवावीत, पुराव्याला रोज झेपतील तेवढेच साक्षीदार लावावेत आणि ज्यांना लावले त्यांची साक्ष त्या दिवशी झालीच पाहिजे. एवढी शिस्तही नुसत्या सूचनेने येणार नाही. उलटतपासाला आमच्याकडे सरासरी किती वेळ लागतो, एका दुपारी किती साक्षी होतात, हे कुणी मोजलेले नसेल तर न्यायाधीश कशाच्या आधारावर ठरवणार? म्हणून तो जास्त प्रकरणे लावून ठेवतो, कारण काही गैरहजर राहणारच हे त्याला माहीत असते. आणि साक्षीदार गैरहजर राहतो, कारण गेलो तरी होणार नाही हे त्याला माहीत असते.

न्यायाधीशांच्या कामाची मोजदाद युनिटांत, म्हणजे निकाली काढलेल्या प्रकरणांमागे मिळणाऱ्या गुणांत, होते. जुना, गुंतागुंतीचा, बारा वारस असलेला दावा चालवून मिळणारी युनिटे आणि सोपी प्रकरणे निकाली काढून मिळणारी युनिटे यांचा मेळ बसतो का, हे न्यायाधीश मंडळी उघडपणे बोलू शकत नाहीत. म्हणून मी बोलते. संशोधनात हा प्रश्न निःसंकोच घ्यावा आणि न्यायाधीशांची मते नाव न घेता नोंदवावीत.

बदल्यांचे तसेच. साधारण तीन वर्षांनी न्यायाधीश बदलतात. जाणारे न्यायाधीश कार्यभार देतात, त्यात प्रकरणांची संख्या असते. कोणत्या जुन्या दाव्यात काय अडले आहे, कुठे तडजोड तोंडावर आली होती, कोणता साक्षीदार वयोवृद्ध आहे आणि त्याची साक्ष आधी घ्यायला हवी, हे मात्र त्यांच्याबरोबर निघून जाते. सर्वांत जुन्या प्रकरणांपुरते तरी एकेका परिच्छेदाचे टिपण मागे ठेवण्याची पद्धत घालून द्यावी.

काही जण म्हणतील, आधी न्यायाधीश वाढवा, मग व्यवस्थापन शिकवा. न्यायाधीश वाढलेच पाहिजेत. १९८७ साली विधी आयोगाने आपल्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असे म्हटले होते. आपण अजून त्याच्या निम्म्यालाही पोचलेलो नाही. पण किती न्यायाधीश हवेत हे तरी कशावरून ठरवणार? कोणत्या प्रकारच्या दाव्याला न्यायाधीशाचा किती वेळ लागतो, हे माहीत असल्याशिवाय तो हिशेब अंदाजाचाच राहतो. जागा मागायलाही हाच अभ्यास लागणार आहे.

आणि वकिलांबद्दल. १९७८ च्या त्या अभ्यासातले 'आमच्याकडे असेच चालते' हे वाक्य बार रूममध्ये रोज ऐकू येते. मुदतीचा अर्ज ही आम्हाला हक्काची गोष्ट वाटते. एकच वकील एकाच दिवशी दोन तालुक्यांत आणि जिल्ह्याच्या कोर्टात वकीलपत्र घेऊन बसतो. नवी पद्धत वकिलांना विश्वासात न घेता आली तर ती मोडेल, कामकाजातून बाहेर राहण्याचे ठराव होतील आणि त्याची किंमत पुन्हा पक्षकारच देईल. म्हणून अभ्यासाच्या पहिल्या दिवसापासून तालुका वकील संघ आत घ्या. पहिल्या बैठकीत तारखा ठरवताना वकिलांच्या डायऱ्या समोर असू द्या. एकदा माझ्या सोयीने तारीख ठरली असेल, तर त्या दिवशी मुदत मागायला मला तोंड राहणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून एकेक तालुका न्यायालय निवडा. प्रत्येकातले निकाली निघालेले वाटणीचे, मनाईचे आणि मालकीचे दावे घ्या आणि त्यांचे रोजनामे पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत वाचा. प्रत्येक तहकुबीचे कारण नोंदवा, महिना नोंदवा, साक्षीदार आला होता का ते नोंदवा. छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत विधी महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना हे काम द्या. एका दाव्याचा रोजनामा मुळापासून वाचला की दिवाणी प्रक्रिया जेवढी समजते, तेवढी वर्गात समजत नाही. जे निघेल ते औरंगाबाद खंडपीठातल्या न्यायमूर्तींच्या देखरेखीखाली तपासून घ्या. १९८१ साली इथे खंडपीठ बसले तेव्हा न्याय मुंबईहून आमच्या जवळ आला. आता हा अभ्यासही इथून व्हावा.

त्यातून एक लहान पुस्तिका काढा, मराठीत. न्यायाधीशांना इंग्रजी येते, पण तारीख लिहिणारे लिपिक, समन्स नेणारे बेलिफ, शिरस्तेदार यांनाही ती वाचता आली पाहिजे, कारण अर्धे व्यवस्थापन त्यांच्या टेबलावर होते. पुस्तिकेत उपदेश कमी आणि नमुने जास्त असावेत : पहिल्या बैठकीत विचारायच्या प्रश्नांचा नमुना, वेळापत्रकाच्या आदेशाचा नमुना, नियम १६ खालच्या अर्जाचा आणि आदेशाचा नमुना, प्रिसेप्टसोबतच्या कागदांची यादी, त्या त्या तालुक्याचे पेरणीचे आणि तोडीचे महिने. दोन वर्षांनी त्याच आठ न्यायालयांचे रोजनामे पुन्हा वाचा. ज्या सूचनेने काही फरक पडला नाही ती काढून टाका, आणि तसे छापून सांगा.

उत्तनला प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या नव्या न्यायाधीशांना एक दिवस फक्त रोजनामे वाचायला द्यावा, अशीही विनंती आहे. निकालपत्रे ते वाचतातच.

दरवर्षी उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्ये नव्या नेमणुकीचे न्यायाधीश आमच्याकडे रुजू होतात. पूर्ण अभ्यासाला वेळ लागेल हे मी समजते. पण नियम १६ चे ते एक पान आणि साक्षींसाठी जुलै ते सप्टेंबर राखून ठेवण्याची सूचना येत्या जूनच्या आधी निघू शकते. तेवढी निघाली तर यंदाच्या दसऱ्याला गाड्या भरण्याआधी आमच्या तालुक्यातल्या काही साक्षी नोंदवून झालेल्या असतील. कोणत्या दाव्यांत तसे साक्षीदार आहेत, त्याची माझ्याकडची यादी मी द्यायला तयार आहे आणि आमच्या संघातल्या इतर वकिलांकडूनही मागून आणीन.

आपली विश्वासू,
बीड जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करणारी